‘होम इन ऑन’ की ‘होन इन ऑन’? आणि ‘झीरो डाउन’ चालतं का?

मकरपुरा_क्यूए

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम आहे. परत आलेल्या मालाचे एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारे) इंग्रजीत लिहून बाहेरच्या ग्राहकाला पाठवावे लागतात. गळतीच्या तक्रारीवरच्या एका रिपोर्टात हे वाक्य होतं (ऑइल सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी):

‘वी झीरोड डाउन ऑन द असेंब्ली स्टेज, नॅरोड डाउन ऑन टू बॅचेस अँड फायनली होन्ड इन ऑन द ऑइल सील.’

तिकडच्या तपासनीसाने ‘होन्ड इन’ला गोल करून ‘होम्ड’ असं लिहिलं आहे. ‘झीरोड डाउन’समोर नुसतं प्रश्नचिन्ह. विभागातल्या एकाचं म्हणणं आहे की ‘होन इन’ मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशात आहे, म्हणजे चूक आपली नाही. स्पेलचेकने तर काहीच दाखवलं नव्हतं.

बरोबर काय ते हवंच आहे. शिवाय ही सगळी क्रियापदं मराठीत ‘लक्ष केंद्रित करणे’ अशीच शिकवली जातात, तर कुठे कुठलं वापरायचं हे कसं ठरवायचं?

दांडियाबाजार

तपासनीसाची दुरुस्ती बरोबर आहे. मूळ रूप ‘होम इन ऑन’ हेच. यातला ‘होम’ म्हणजे घर. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ घराकडे परतणं. निरोप्या कबुतरांना इंग्रजीत ‘होमिंग पिजन’ म्हणतात तो हाच शब्द. या कबुतरांबद्दल एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ती सांगाल तिकडे जात नाहीत, फक्त आपल्या खुराड्याकडे परततात. म्हणून निरोप पाठवायचा असेल तर कबुतर आधी पिंजऱ्यात घालून लांब न्यायचं आणि तिथून सोडायचं. ओडिशा पोलिसांनी 1946 मध्ये सुरू केलेली कबुतरसेवा याच तत्त्वावर चालायची.

पुढे विमानांना जमिनीवरच्या रेडिओ बीकनच्या (सतत लहरी सोडणाऱ्या केंद्राच्या) आधारे वाट काढता येऊ लागली आणि ‘होमिंग’ वैमानिकांच्या बोलण्यात आलं. कॉकपिटमधली सुई बीकनची दिशा दाखवते. विमानाचं नाक सतत त्या सुईप्रमाणे ठेवून उडत राहणं म्हणजे होमिंग. बाजूने वारा असेल तर विमान सरळ रेषेत जात नाही. वारा त्याला ढकलत राहतो, वैमानिक नाक पुन्हा पुन्हा बीकनकडे वळवतो आणि वाट कमानीसारखी वाकते, पण शेवटी विमान बीकनवरच येतं. वाऱ्याचा हिशोब आधीच करून सरळ रेषा राखली तर त्याला ‘ट्रॅकिंग’ म्हणतात. वैमानिकी शिकवताना हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवले जातात.

नंतर क्षेपणास्त्रं आली. उष्णतेचा किंवा रडारच्या लहरीचा माग घेत लक्ष्याकडे जाणारी. तिथेही ‘होमिंग’च. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘होम इन ऑन’ रोजच्या इंग्रजीत रुळलं.

वापरताना एवढं पाहायचं: काहीतरी सरकत असलं पाहिजे, समोर एक ठरलेलं ठिकाण असलं पाहिजे, आणि तिथवर नेणारी काही खूण हवी, मग तो आवाज असो, वास असो, आकडे असोत नाहीतर तक्रारींचा कल. तुमच्या रिपोर्टात चाचण्यांचे आकडे तुम्हाला ऑइल सीलकडे घेऊन गेले, म्हणजे ‘होम्ड इन ऑन द ऑइल सील’ चपखल बसतं.

टूलरूम_मांजलपूर

मकरपुऱ्यात राहून ‘होन’ शब्द अनोळखी असायचा नाही, म्हणून त्या बाजूने लिहितो.

‘होन’ म्हणजे धार लावायचा बारीक दगड. जुनी इंग्रजी संज्ञा आहे, क्रियापद नंतर तिच्यावरून झालं. वस्तरा दगडावर घासणं हे होनिंग, आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवणं हे स्ट्रॉपिंग. आपल्या शॉपमध्ये सिलिंडरच्या बोअरला (आतल्या भोकाला) होनिंग करतात तेव्हा टूलला बारीक घासणाऱ्या पट्ट्या लावलेल्या असतात. टूल फिरतं आणि त्याच वेळी वरखालीही होतं. त्यातून बोअरच्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते आणि तेल त्या रेघांत धरून राहतं. निघणारा माल अगदी थोडा, मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका.

आता शब्दाच्या दृष्टीने कामाची गोष्ट. होनिंगने ओव्हॅलिटी (भोकाचा अंडाकृतीपणा) सुधारते, टेपर (एका टोकाकडचा निमुळतेपणा) सुधारतो, फिनिश येतं, माप नेमकं येतं. पण बोअरची जागा बदलत नाही. टूल किंवा जॉब (घडवायचा भाग), दोघांपैकी एक मोकळा ठेवलेला असतो, त्यामुळे आधी पाडलेलं भोक जिकडे आहे तिकडेच टूल जातं. बोअरचा मध्य सरकलेला असेल तर होनिंग करून तो जागेवर येणार नाही. त्याला पुन्हा बोअरिंगच करावं लागेल. ड्रॉइंगप्रमाणे पोझिशन चुकलेला जॉब होनिंगला पाठवला तर गुळगुळीत चुकीचा जॉब परत येतो, बस.

इंग्रजीतलं ‘होन’ही असंच वागतं. हातात असलेली वस्तू अधिक चांगली करायची: ‘होन युअर स्किल्स’, ‘होन द ड्राफ्ट’, ‘अ फाइनली होन्ड आर्ग्युमेंट’. शोधण्याचा, गाठण्याचा अर्थ त्यात नाही. त्याला थेट कर्म लागतं, ‘इन’ लागत नाही आणि ‘ऑन’ही लागत नाही. तुमच्या वाक्यात सील शोधून काढायचं होतं, घासून सुधारायचं नव्हतं.

रावपुरा_वाचक

दोघांचंही म्हणणं मान्य, पण सहकाऱ्याला सरसकट चूक ठरवू नये. मेरियम-वेबस्टरमध्ये ‘होन इन’ची स्वतंत्र नोंद खरंच आहे, आणि अर्थ दिला आहे तो उद्दिष्टाकडे सरकणं किंवा त्यावर लक्ष एकवटणं असाच. अमेरिकेत 1960च्या दशकापासून हे रूप छापलेलं सापडतं. 1980 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या प्रचारात जॉर्ज बुश थोरले मुद्द्यांबाबत ‘होनिंग इन’ म्हणाले आणि स्तंभलेखिका मेरी मॅकग्रोरी यांनी त्याची दखल घेतली. तेव्हापासून वाद चालू आहे. इतकी वर्षं शिकलेसवरलेले लोक जे लिहितात आणि वाचणाऱ्याला ज्याचा अर्थ लगेच कळतो, ते अशुद्ध कसं?

घोळ का होतो तेही उघड आहे. ‘होम’ आणि ‘होन’ यांत फरक फक्त शेवटच्या अनुनासिकाचा. पाठोपाठ ‘इन’ आलं की भरभर बोलताना ‘म’ आणि ‘न’ एकमेकांत मिसळतात. त्यात ‘होन’चा धार लावण्याचा अर्थ ‘लक्षाला धार येणे’ म्हणून मनाला पटतो. घरी जाण्याचा अर्थ मात्र कबुतरं माहीत नसतील तर पटत नाही. लोकांनी ऐकलेल्या शब्दाला अर्थपूर्ण रूप दिलं. भाषा अशाच चालतात.

दांडियाबाजार

रावपुरा, नोंद आहे हे खरं. पण शब्दकोश वापर नोंदवतो, तो कुठे वापरावा हे दर वेळी सांगत नाही. गार्नर यांचा अमेरिकन वापरकोश घ्या, तिथे ‘होम इन’च बरोबर ठरवलं आहे. म्हणजे अमेरिकेतच दोन मतं आहेत.

प्रश्न रिपोर्टाचा आहे. ‘होम इन’ लिहिलं तर जगात कोणीही त्याला गोल करणार नाही. ‘होन इन’ लिहिलं तर काही जण करतील. अर्थ दोन्हींत सारखाच पोचत असेल, तर ज्यावर वाद नाही ते रूप निवडायचं. स्पर्धा परीक्षेत पर्याय आला तरी ‘होम’च. बोलताना कोणी ‘होन इन’ म्हणालं तर मात्र थांबवून दुरुस्त करायची काही गरज नाही, तिथे तुमच्याशी सहमत.

स्पेलचेकबद्दल: दोन्ही शब्द इंग्रजीत अस्तित्वात आहेत म्हणून लाल रेघ येत नाही. फाइल पाठवण्यापूर्वी ‘होन इन’, ‘होन्स इन’, ‘होन्ड इन’, ‘होनिंग इन’ अशी चारही रूपं शोधून पाहा. नुसतं ‘होन’ शोधाल तर नको ते शब्दही हाती लागतील, ‘फोन’ आणि ‘ऑनेस्ट’ यांच्या स्पेलिंगमध्येही तीच अक्षरं आहेत.

मकरपुरा_क्यूए

‘होम’ पक्कं. बोअरच्या पोझिशनचा मुद्दा तर विभागात सगळ्यांना लगेच कळला. आता ‘झीरो डाउन’? इथे बडोद्यात ऑफिसात सगळे तेच बोलतात, वर्तमानपत्रांतही वाचलं आहे.

नेमबाज_फतेगंज

आहे, भारतीय इंग्रजीत ते सर्रास आहे. पण भारताबाहेरच्या वाचकाला ते अडतं, आणि तुमच्या तपासनीसाच्या प्रश्नचिन्हाचं कारण बहुधा हेच. अमेरिकेत ‘झीरो डाउन’ म्हटलं की लोकांना सुरुवातीला एक पैसाही न भरता मिळणारं घराचं किंवा गाडीचं कर्ज आठवतं. तिथे ‘डाउन’ म्हणजे डाउन पेमेंट. तेव्हा ‘वी झीरोड डाउन ऑन द असेंब्ली स्टेज’ वाचून तो माणूस गोंधळला असेल तर नवल नाही.

रूप आहे ‘झीरो इन ऑन’. हे बंदुकीवरून आलं, आणि एनसीसीत रेंजवर गेलेल्यांना ‘झिरोइंग’ माहीत असतं. ठरलेल्या अंतरावर, समजा 25 मीटरवर, कागदाच्या लक्ष्यावर एकाच बिंदूवर नेम धरून तीन किंवा पाच गोळ्या मारायच्या. भोकांचा पुंजका कुठे पडला ते पाहायचं. पुंजक्याचा मध्य नेमाच्या बिंदूपासून जितका वर-खाली, डावी-उजवीकडे असेल तेवढी साईट (बंदुकीवरची नेम धरायची खूण) सरकवायची. पुन्हा मारायचं. नेम आणि मार एकाच जागी पडेपर्यंत हे चालतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘झीरो इन’ सैनिकांच्या तोंडी आलं आणि तिथून बाहेर पडलं.

इथे नवशिके एक चूक करतात, आणि लिहिणारेही तीच करतात. गोळ्या कागदभर विखुरलेल्या असताना साईट सरकवून उपयोग नसतो. पुंजकाच नाही तर मध्य कुठला धरणार? आधी पकड, श्वास, ट्रिगर सुधारून ग्रुपिंग आणायचं, मग साईटला हात लावायचा. रिपोर्टातही सहा कारणं अजून पसरलेली असताना ‘वी हॅव झीरोड इन ऑन’ लिहू नये. वाचणारा पुढचाच प्रश्न विचारेल: कशावर? आणि उत्तर एका गोष्टीत देता आलं पाहिजे.

स्पेलिंगची सूचना: भूतकाळात ‘झीरोड’ला शेवटी ई-डी, आणि चालू रूपात ‘झीरोइंग’ लिहिताना ओनंतर ई घालायचा नाही.

रावपुरा_वाचक

‘डाउन’ घुसलं कुठून तेही पाहण्यासारखं आहे. ‘नॅरो डाउन’ आणि ‘झीरो इन ऑन’ या दोन वेगवेगळ्या जोड्या. पहिलीचं ‘डाउन’ दुसरीत गेलं आणि ‘झीरो डाउन ऑन’ तयार झालं. दुसरीचं ‘ऑन’ पहिलीत गेलं आणि ‘नॅरो डाउन ऑन’ तयार झालं. मकरपुरा, तुमच्या एका वाक्यात या दोन्ही सरमिसळी शेजारी शेजारी आहेत.

‘नॅरो डाउन’ला थेट कर्म लागतं, कारण तुम्ही यादीच अरुंद करत असता. किती होत्या त्याचा उल्लेख ‘फ्रॉम’ने, किती उरल्या त्याचा ‘टू’ने: ‘वी नॅरोड द कॉझेस डाउन फ्रॉम सिक्स टू टू.’ कर्म मधेही चालतं आणि ‘डाउन’नंतरही चालतं, पण सर्वनाम असेल तर ते मधेच यायला हवं. ‘नॅरो इट डाउन’ बरोबर, ‘नॅरो डाउन इट’ चूक.

‘होम इन ऑन’ आणि ‘झीरो इन ऑन’ मात्र फोडता येत नाहीत. ‘होम्ड इट इन ऑन’ असं काही नसतं. ज्याच्याकडे जायचं ते ‘ऑन’नंतरच.

दांडियाबाजार

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला होता, कुठे कुठलं. ‘लक्ष केंद्रित करणे’ हे फक्त ‘फोकस ऑन’ला आणि ‘कॉन्सन्ट्रेट ऑन’ला ठीक बसतं. त्यात शोध नसतो, तुम्हाला काय पाहायचं ते आधीच माहीत असतं. बाकीची सगळी शोधाची क्रियापदं आहेत, आणि शोध जसा पुढे जातो तशी ती बदलतात.

पंपाचंच उदाहरण धरू. गळती आहे. शक्य कारणं: शाफ्टचं फिनिश खराब, शाफ्टच्या टोकाला चॅम्फर (तिरपी कापलेली कड) नाही, हाउसिंगचा बोअर मोठा, सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी रबराची कड) बसवताना कापला गेला, सीलचं रबर त्या तेलाला चालणारं नाही, सील उलटं बसवलं. सहा. यातून मापं घेऊन, बॅचचे रेकॉर्ड ताडून एकेक बाद करत दोनांवर येणं म्हणजे ‘नॅरो डाउन’. मराठीत आपण गाळत गाळत आणणं म्हणतो.

समजा उरलं चॅम्फर आणि कापलेला ओठ. दोन्ही कारणं असेंब्लीतच भेटतात, कारण चॅम्फर नसेल तर सील सरकवताना शाफ्टची धार ओठाला लागते. आता सगळा तपास त्या एका टप्प्याकडे वळला. इथे ‘झीरो इन ऑन’ किंवा ‘होम इन ऑन’. दोन्ही चालतात, छटा वेगळी. तुम्ही जाणूनबुजून नेम धरलात तर ‘झीरो इन’. पुरावा तुम्हाला ओढत तिकडे घेऊन गेला तर ‘होम इन’. ‘झीरो इन’ किंचित बोलीतलं वाटतं, पण तांत्रिक रिपोर्टात खटकत नाही.

भिंगाखाली ओठावर काप दिसला, शाफ्टच्या टोकाला बर (कापताना राहिलेली धातूची बारीक धारदार कड) सापडली, दोन्ही एकाच रेषेत. आता ‘पिनपॉइंट’: नेमकं बोट ठेवणं. यालाही थेट कर्म: ‘वी पिनपॉइंटेड द सोर्स ऑफ द लीक.’ ‘पिनपॉइंटेड ऑन’ लिहू नका, ते इथे पुष्कळ दिसतं.

आणि नंतर असेंब्लीची पद्धत सुधारलीत, शाफ्टवर बसवायची टोपी आणली, कामगारांच्या सूचना पुन्हा पुन्हा तपासून नेमक्या केल्या, तर तिथे ‘होन’ लिहा. ‘वी होन्ड द असेंब्ली प्रोसीजर.’ तो शब्द तुमच्या रिपोर्टात आहेच, फक्त शोधाच्या टप्प्यात नाही, सुधारणेच्या टप्प्यात आहे.

एक सांगावंसं वाटतं. बडोदा संस्थानात कारभाराचे इंग्रजी शब्द मराठी-गुजरातीसह इतर भाषांच्या प्रतिशब्दांशेजारी मांडून 1931 मध्ये कोश काढला गेला होता. एका इंग्रजी शब्दाला एकच ठरीव मराठी शब्द चिकटवून चालत नाही, प्रसंग पाहावा लागतो, हे भान या शहराला जुनं आहे. शाळेतल्या ‘लक्ष केंद्रित करणे’वर थांबू नये असं म्हणून वाटतं.

मकरपुरा_क्यूए

फारच उपयोगी. असं लिहिलं आहे, बघाल का?

‘द पॉसिबल कॉझेस वेअर नॅरोड डाउन फ्रॉम सिक्स टू टू. द असेंब्ली स्टेज वॉज झीरोड इन ऑन. द कट ऑन द सील लिप वॉज पिनपॉइंटेड अॅज द सोर्स.’

आणि ‘ड्रिल डाउन’ कुठे बसतं? वरिष्ठांना तो शब्द फार आवडतो.

रावपुरा_वाचक

पहिलं आणि तिसरं वाक्य उत्तम. दुसरं कर्मणी केल्यामुळे ‘इन’ आणि ‘ऑन’ शेवटी लोंबकळतात. व्याकरणाने चूक नाही, पण वाचायला जड. ते कर्तरीच ठेवा: ‘द टीम देन झीरोड इन ऑन द असेंब्ली स्टेज.’ रिपोर्टात सगळं कर्मणीच हवं असा नियम नाही, तपास कोणी केला हे कळलेलं ग्राहकाला आवडतं.

‘ड्रिल डाउन’ हे थर उतरत जाण्याला. वरच्या पातळीवर एकूण तक्रारी, त्यावर क्लिक केलं की महिना, मग लाइन, मग शिफ्ट, मग मशीन. आकड्यांच्या तक्त्यात असे थर असतील तर ‘वी ड्रिल्ड डाउन इंटू द सेकंड-शिफ्ट डेटा’ बरोबर आहे. कारणांची सपाट यादी गाळायची असेल तिथे ‘नॅरो डाउन’च.

टूलरूम_मांजलपूर

एक तांत्रिक पुरवणी. तिसऱ्या वाक्यात काप हा ‘सोर्स’ म्हणून दाखवला आहे. गळती तिथून होते हे बरोबर, पण एट-डीमध्ये ग्राहक विचारेल की काप कशाने पडला. ‘पिनपॉइंट’ इतकं ठाम क्रियापद वापरल्यावर ते शेवटच्या कारणावर पडू द्या. चौथं वाक्य जोडा: ‘द कट वॉज कॉझ्ड बाय अ बर ऑन द अनचॅम्फर्ड शाफ्ट एंड.’ आणि फोटोत बर दिसत असेल तर त्याच्याशेजारी स्केल ठेवूनच फोटो काढा.